दुर्बिणीतून गुडघ्याचं ऑपरेशन आणि 15 वर्षांचा घोळ : सांध्यांवरचं संशोधन उपचारात उतरायला एवढा वेळ का लागतो

सांधे, मणका, स्नायू यांच्या दुखण्यावर संशोधन कमी झालंय असं कोणी म्हणणार नाही, अडतं ते पुढे, म्हणजे पेपर छापून आला तरी ओपीडीत पेशंटला मिळणारी ट्रीटमेंट वर्षानुवर्षं तीच राहते. हे का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार जुनं उरकूनच घेतो. 1948 ला कॉर्टिझोन (एक स्टिरॉइड) पहिल्यांदा रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार) पेशंटला दिलं गेलं आणि दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं, साइड इफेक्ट्सची पूर्ण कल्पना यायच्या आधीच औषध सगळीकडे पोचलं होतं. याच्या अगदी उलट मेथोट्रेक्सेटचं, त्याच्या जातकुळीतलं औषध या आजारात वापरून पाहिल्याचा पेपर 1951 चा आणि अमेरिकेत रुमॅटॉइडसाठी अधिकृत मंजुरी मिळाली 1988 ला. म्हणजे एक औषध घाईने पोचलं, दुसरं कित्येक वर्षं अडगळीत पडलं. मणक्याच्या बाबतीत 1986 ला कंबरदुखीच्या पेशंटवर झालेल्या ट्रायलमध्ये दिसलं की सात दिवस झोपून राहण्यापेक्षा दोनच दिवस झोपलेले लोक लवकर कामावर गेले आणि दुखण्यात काही फरक नव्हता. 1994 ला कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले तर निम्म्याहून जास्त लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. तरीही रिपोर्टमध्ये फुगलेली गादी दिसली की त्यालाच दुखण्याचं कारण ठरवणं काही थांबलं नाही.

आता मुद्द्याचं, गुडघा. दुर्बिणीतून मेनिस्कसचा (लोक ज्याला गुडघ्यातली गादी म्हणतात) तुकडा काढायचं पहिलं ऑपरेशन 1962 ला जपानमध्ये झालं आणि पुढच्या तीसेक वर्षांत ते जगभर इतकं रूढ झालं की झिजलेल्या, दुखणाऱ्या गुडघ्याला "आतून धुऊन साफ करणं" हा अगदी सरळ उपाय वाटायला लागला. पेशंटला बरं वाटायचंही, म्हणून कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

2002 ला अमेरिकेतल्या एका ट्रायलचा निकाल आला. 180 पेशंट, तीन गट. एका गटाचा गुडघा आतून खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता सलाईनने धुतला आणि तिसऱ्याला फक्त कातडीवर छोटे छेद दिले, आत दुर्बीण घातलीच नाही. ऑपरेशन खरं वाटावं म्हणून सर्जन सगळी हत्यारं मागत होता, गुडघा खऱ्या ऑपरेशनसारखा हलवत होता, धुण्याचा आवाज यावा म्हणून सलाईन उडवत होते आणि पेशंटला रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं. कोण कुठल्या गटात हे सर्जनलाही ऑपरेशन थिएटरमध्ये बंद पाकीट फोडल्यावरच कळायचं. भाग घ्यायच्या आधी प्रत्येकाने "मला कदाचित नुसतं खोटं ऑपरेशन मिळेल" हे स्वतः लिहून दिलं होतं, आणि योग्य ठरलेल्यांपैकी 44 टक्के लोकांनी नकार दिला, जे साहजिकच आहे. दोन वर्षांनंतर तिन्ही गट सारखेच. खरं ऑपरेशन झालेले लोक खोटं झालेल्यांपेक्षा जास्त बरे नव्हते.

आक्षेप आले, आणि सगळेच पोकळ नव्हते. एकच सर्जन, एकच सेंटर, पेशंट जवळजवळ सगळे पुरुष. शिवाय ज्यांचा गुडघा खरंच अडकतो, लॉक होतो, त्यांचा वेगळा हिशोब मांडलेला नव्हता. वाद इथे सुरू झाला आणि पुढचा निर्णय झाला तोही याच फटीतून.

2003 मध्ये अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने ठरवलं की नुसतं दुखतंय म्हणून झिजलेला गुडघा धुणं किंवा साफ करणं याचे पैसे देणार नाही, पण गुडघा अडकत असेल, आत तुकडा फिरत असेल, मेनिस्कस फाटलेला असेल तर बघू. कागदावर हे अगदी समतोल वाटतं आणि सर्जन मंडळींनाही ते मान्य करण्यासारखं होतं. माझ्या मते मात्र सगळा घोळ याच वाक्याने केला. कारण पन्नाशी-साठीनंतरच्या झिजलेल्या गुडघ्यात फाटलेला मेनिस्कस सापडणं अजिबात अवघड नाही, 2008 ला 991 लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून झालेल्या अभ्यासात ज्यांचा मेनिस्कस फाटलेला निघाला त्यातल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्यात काही त्रासच नव्हता. म्हणजे नियमाने दार बंद केलं पण शेजारची खिडकी सताड उघडी ठेवली. "झीज" या निदानावर होणारी दुर्बिणीची ऑपरेशनं कमी झाली, "मेनिस्कस फाटलाय" या निदानावरची वाढली, आणि 2006 पर्यंत तिथे गुडघ्याच्या दुर्बीण ऑपरेशनांची एकूण संख्या वर्षाला दहा लाखांच्या आसपास गेली. पेशंट तोच, गुडघा तोच, फॉर्मवरचं निदान बदललं. कोणी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, डॉक्टरला एमआरआयवर फाटलेलं दिसत होतं आणि पेशंटला काहीतरी करून हवं होतं.

मग मेनिस्कसचीच परीक्षा घ्यावी लागली, आणि त्यात आणखी दहा वर्षं गेली. 2013 ला अमेरिकेतल्या 351 जणांच्या ट्रायलमध्ये ऑपरेशन आणि फिजिओ यांच्यात सहा महिन्यांनी फारसा फरक दिसला नाही, पण फिजिओ गटातल्या 30 टक्के लोकांनी तोपर्यंत ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यामुळे ऑपरेशनच्या बाजूचे लोक तोच आकडा दाखवत राहिले. त्याच वर्षी फिनलंडमध्ये 146 जणांवर पुन्हा खोट्या ऑपरेशनची ट्रायल झाली, या वेळी दुर्बीण सगळ्यांच्याच गुडघ्यात घातली, मेनिस्कस कापला फक्त अर्ध्यांचा. वर्षभराने दोन्ही गट सारखे. 2017 ला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आणि पेशंट एकत्र बसले आणि झिजलेल्या गुडघ्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन जवळजवळ कोणालाच करू नये अशी ठाम शिफारस झाली, आणि त्यात अडकणारा गुडघा आणि फाटलेला मेनिस्कस दोन्ही धरले होते. 2003 ची खिडकी बंद व्हायला 14 वर्षं लागली आणि तीही शिफारशीतच, प्रत्यक्षात किती बंद झाली हे देशागणिक वेगळं. (अपघातात किंवा खेळताना तरुण गुडघ्यात झालेली इजा हा वेगळा विषय आहे, तो इथे मिसळू नये.)

याच काळात रुमॅटॉइडमध्ये गाडी बरीच पुढे गेली. 2004 ला ग्लासगोच्या 110 पेशंटच्या ट्रायलमध्ये अर्ध्यांना दर महिन्याला बोलावून सुजलेले सांधे मोजले, स्कोअर काढला, स्कोअर कमी नाही झाला तर औषध वाढवलं. औषधं काही नवीन नव्हती, नेहमीचीच होती. दीड वर्षाने त्या गटात 65 टक्के लोकांचा आजार शांत झालेला, नेहमीच्या पद्धतीत 16 टक्के. सहाच वर्षांत, 2010 ला, "टार्गेट ठरवून उपचार" ही आंतरराष्ट्रीय शिफारस झाली. इथे डॉक्टरच्या हातात मोजायला आकडा होता आणि आकडा हलला नाही तर पुढे काय करायचं हेही ठरलेलं होतं. झिजलेल्या गुडघ्याच्या पेशंटला "ऑपरेशन नको" एवढंच सांगून घरी पाठवलं तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारच.

ही रिकामी जागा भरायचा प्रयत्न डेन्मार्कमध्ये 2013 पासून झाला, गुडघा आणि खुब्याच्या पेशंटसाठी माहितीची दोन सेशन्स आणि फिजिओच्या देखरेखीखाली व्यायामाची 12, शिवाय प्रत्येकाची नोंद रजिस्टरमध्ये. व्यायामाचा फायदा आधीच्या ट्रायल्समधून माहीत होताच, इथे तो ठरलेल्या पॅकेजच्या रूपात मिळायला लागला, फिजिओंना त्याचं ट्रेनिंग मिळालं आणि मग इतर देशांनीही ते उचललं.

कंबरदुखीत मात्र अजून ओढाताणच आहे. 2011 ला इंग्लंडमध्ये नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरून पेशंटचे दुखणं रेंगाळण्याच्या कमी, मध्यम, जास्त धोक्याचे गट पाडले आणि गटाप्रमाणे उपचार दिले तर लोक जास्त सुधारले आणि खर्चही वाचला. तीच पद्धत अमेरिकेत नेली, डॉक्टरांना ट्रेनिंग दिलं, कॉम्प्युटरवर प्रश्नावली बसवली, आणि 2018 ला निकाल आला की पेशंटमध्ये काही फरक नाही, कारण प्रश्नावली भरून घेतल्यावरही त्यांना मिळणारे उपचार जवळजवळ पूर्वीसारखेच राहिले होते.