पाडलं, तरी आभार: एका अध्यक्षाच्या निरोपामागची ४२ वर्षं

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष यंदा पद सोडताहेत. मानपत्राचा मजकूर लिहायचं काम मुलांनी माझ्या गळ्यात घातलं. लिहायला बसलो, तर त्यातल्या एकाने मोबाईल पुढे केला. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातला फोटो, फेब्रुवारी २०२५ चा. स्टेडियमबाहेर निळ्या-पांढऱ्या मफलरींचा आणि फुलांचा ढीग, भोवती माणसं गप्प उभी. मुलगा म्हणाला, "काका, यांनीच याला वर्षभरापूर्वी निवडणुकीत पाडलं होतं ना? मग आता आभार कसले मानताहेत?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

तो माणूस म्हणजे जॉर्ज नुनो पिंतो दा कॉस्टा. जन्म डिसेंबर १९३७, पोर्तोतलाच. एफसी पोर्तो या क्लबचा तो एप्रिल १९८२ ते मे २०२४ अशी सलग ४२ वर्षं अध्यक्ष होता. हा क्लब कुणा शेठच्या मालकीचा नाही. तिथे वर्गणी भरणाऱ्याला 'सोसिओ' म्हणतात, म्हणजे आपला सभासद, आणि अध्यक्ष ठरतो तो सभासदांच्या मतांवर. इंग्लंडमधले बहुतेक मोठे क्लब मालकाच्या खिशातले. तिथे मालक क्लब विकतो, नवा येतो, प्रेक्षकाला कुणी विचारत नाही. पोर्तोत तसं चालत नाही. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, पण ते पुढे.

१९८२ मध्ये पोर्तोची अवस्था काय होती? क्लब १८९३ चा, पण राष्ट्रीय लीगची विजेतेपदं जेमतेम सात. त्यातही १९५९ नंतर १९ वर्षांचा दुष्काळ. तो १९७८ मध्ये संपला, तेव्हा प्रशिक्षक होते जुझे मारिया पेद्रोतो आणि फुटबॉल विभाग सांभाळत होता हाच पिंतो दा कॉस्टा. देशाचं फुटबॉल राजधानी लिस्बनच्या बेनफिका आणि स्पोर्टिंग या क्लबांच्या मुठीत होतं. उत्तरेकडच्या शहराला वाटायचं, कष्ट आमचे आणि मानपान राजधानीचा. पिंतो दा कॉस्टाने ही सल ओळखली आणि क्लबच्या कामाला जुंपली. खेळाडूंच्या खोलीपासून पत्रकार परिषदेपर्यंत एकच सूर: आपण सगळ्या देशाविरुद्ध उभे आहोत. मला हा सूर सगळाच पटत नाही, त्यातून कडवटपणाही पुष्कळ वाढला. पण दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला ताठ मानेने उभं करायचं काम त्याने केलं, हे नाकारता येत नाही.

मे १९८७ मध्ये व्हिएन्नात युरोपियन कपचा, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता, समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक. पोर्तो एका गोलने मागे. सामना संपायला जेमतेम पाव तास उरलेला, आणि अल्जीरियाच्या राबा माजेरने गोलकडे पाठ असताना टाचेने चेंडू आत ढकलला. पाठोपाठ ज्युआरीचा गोल, २-१. गोलकडे पाठ करून टाचेने मारलेल्या गोलला फ्रान्समध्ये आजही 'माजेर' म्हणतात. याच वर्षाच्या शेवटी टोकियोत भर बर्फात उरुग्वेच्या पेन्यारोलला हरवून त्यांनी युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला इंटरकॉन्टिनेंटल कपही आणला.

मग लीगमध्ये १९९५ ते १९९९ सलग पाच विजेतेपदं. २००२ च्या जानेवारीत पिंतो दा कॉस्टाने जुझे मोरिन्यो नावाच्या, तेव्हा फारशा नावाजलेल्या नसलेल्या प्रशिक्षकाला आणलं. २००३ ला युएफा कप, म्हणजे युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा, २००४ ला चॅम्पियन्स लीग. मधल्या काळात, नोव्हेंबर २००३ मध्ये, नवं स्टेडियम 'द्रागाव' खुलं झालं. उद्घाटनाच्या मैत्रीपूर्ण सामन्यात बार्सिलोनाकडून सोळा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा मोठ्यांच्या संघात उतरला, नाव लिओनेल मेस्सी. सामना पोर्तोने जिंकला. २०११ मध्ये युरोपा लीग (युएफा कपचंच नवं नाव) आली, तेव्हा प्रशिक्षक होता ३३ वर्षांचा आंद्रे व्हिलास-बोआश. तो पोर्तोतच वाढलेला, क्लबचा सभासद. हे नाव लक्षात ठेवा.

पिंतो दा कॉस्टाच्या निरोपाच्या वेळी लीग विजेतेपदं ३० होती. सातावरून तिसावर, त्यातली २३ याच्या काळातली. समर्थक त्याला 'अध्यक्षांचा अध्यक्ष' म्हणत.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २००४ मध्ये पंचांवर दबाव आणल्याच्या आरोपांचं मोठं प्रकरण उघडलं. त्यात २००८ ला क्लबचे सहा गुण कापले गेले. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. शेवटच्या वर्षांत कर्ज वाढत गेलं, चांगले खेळाडू विकून घर चालवण्याची वेळ येत राहिली. नोव्हेंबर २०२३ च्या सर्वसाधारण सभेत तर हाणामारी झाली, सभासदच सभासदांवर धावून गेले. वर्गणी भरणाऱ्याने प्रश्न विचारायला घाबरावं, ही कुठल्याही संस्थेची शरमेची गोष्ट. २०२० च्या निवडणुकीत त्याला सुमारे ६८ टक्के मतं होती. २७ एप्रिल २०२४ ला २६ हजारांहून जास्त सभासदांनी मतदान केलं, आणि सुमारे ८० टक्के मतं घेऊन त्याला हरवलं ते त्यानेच प्रशिक्षक केलेल्या व्हिलास-बोआशने.

त्यानंतर महिनाभरात, २६ मे रोजी, पोर्तोने स्पोर्टिंगला जादा वेळेत हरवून पोर्तुगीज कप जिंकला. म्हाताऱ्या अध्यक्षाच्या हाती तो शेवटचा चषक. १५ फेब्रुवारी २०२५ ला तो गेला, वयाच्या ८७ व्या वर्षी. मुलाच्या मोबाईलमधला फोटो त्यानंतरचा.

आता आपल्याकडे येऊ, कारण बडोद्याला हा विषय परका नाही. आपल्या खेळांचा पाया राजाश्रयाने घातला. विजय हजारे बडोदा सरकारच्या चाकरीत होते. दरबारने पोटापाण्याची सोय केली म्हणून बॅट हातात राहिली. मार्च १९४७ मध्ये इथेच, होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात, हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. कुठल्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. संस्थानं विलीन झाल्यावरही घराणं खेळाजवळ राहिलं. फत्तेसिंगराव गायकवाड १९६३ ते १९६६ क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते.

त्या काळी आभार मानायची आपली रीत होती मानपत्र. आमच्या घरी आजोबांना त्यांच्या आखाड्याने दिलेलं एक आहे, काच तडकलेली, कडेला जरीची नक्षी. भाषा अशी: 'आपल्या कृपाछत्राखाली', 'आपल्या औदार्याने'. लहानपणी मला ते वाचताना छाती भरून यायची. आता वाचताना एक गोष्ट खटकते. देणारे आश्रित आहेत, घेणारा दाता आहे. दात्याला पायउतार करण्याची सोय त्या मजकुरात नाही आणि त्या व्यवस्थेतही नव्हती.

राजे गेल्यावर खुर्चीत पुढारी आले, आणि खुर्ची सुटेना ती सुटेनाच. भारतीय फुटबॉल महासंघात प्रियरंजन दासमुन्शी १९८८ ते २००८ अशी वीस वर्षं होते. नंतर आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल आले. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, तेव्हा मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. मग ऑगस्टमध्ये बाहेरचा हस्तक्षेप म्हणून फिफाने भारताला निलंबित केलं आणि अकरा-बारा दिवसांनी निलंबन उठवलं. ऑक्टोबरमधला मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक थोडक्यात हातचा जाता जाता वाचला. त्या वेळी निरोपाचं बॅनर घेऊन कुणी रस्त्यावर उतरल्याचं मला आठवत नाही. उतरणार तरी कोण? महासंघात तेव्हा मत राज्य संघटनांचं होतं. तिकीट काढून उन्हात बसणाऱ्याला तिथे हातच वर करता येत नाही.

म्हणून पोर्तोचं ते दृश्य मला मोलाचं वाटतं. तिथल्या सभासदाने एप्रिलमध्ये मतपेटीत सांगितलं, आता बास, उठा. आणि फेब्रुवारीत येऊन मफलर ठेवली. दोन्ही वेळा तोच माणूस, तोच हात. हिशेब मागायचा हक्क त्याने बजावला होता, त्यामुळे आभार मानताना त्याला कुणापुढे वाकावं लागलं नाही. मी मुलाला हेच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आपण 'कृपाछत्र' नाही लिहायचं."

नाही लिहिलं. मग आम्ही आठवत बसलो, अध्यक्षांनी नेमकं केलं काय. एक म्हणाला, दर एप्रिलला जमाखर्च फळ्यावर लावायचे, चहाच्या पैशांसकट. दुसरा म्हणाला, दोन वर्षांपूर्वी स्पर्धेच्या तारखांवरून आपण त्यांचा ठराव पाडला, तरी सकाळी मैदानावर पहिले तेच. तिसऱ्याला आठवली फक्की. सामन्याच्या दिवशी उजाडायच्या आत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डबा हलवत ते स्वतः रेषा आखायचे. पेनल्टीच्या टिंबापाशी थांबून पावलं दोनदा मोजायचे.

शाल, श्रीफळ आणि मोगऱ्याचा हार ठरला आहे. मजकुरात पहिलं वाक्य फक्कीचं ठेवलंय, दुसरं पाडलेल्या ठरावाचं. त्यावर मुलांचं एकमत व्हायला तास गेला.