पोटातलं बाळ: कुठल्या आठवड्यात काय दिसतं?

आमच्या दादरच्या सोनोग्राफी सेंटरवर "कितवा महिना?" असं विचारलं की ताई म्हणतात तिसरा, सोबत आलेल्या सासूबाई म्हणतात चौथा. एकीने भरलेला महिना धरलेला असतो, दुसरीने लागलेला. म्हणून आम्ही आठवडे मोजतो, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तिथून 40 आठवड्यांनी येते ती प्रसूतीची अंदाजे तारीख. यातले पहिले साधारण दोन आठवडे गर्भ राहिलेलाच नसतो, त्यामुळे रिपोर्टमधलं वय तुमच्या हिशेबापेक्षा जास्त दिसलं तर ती चूक नाही.

सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोके दिसू लागतात. पाळी अनियमित असेल तर कधीकधी तेव्हा दिसत नाहीत. अशा वेळी डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. मेंदू आणि मणका ज्या नळीपासून घडतात ती याच सुमारास, सहाव्या आठवड्यात मिटते. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासून घ्यायला सांगतात ती यासाठीच. दहाव्या आठवड्यापर्यंत मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते.

एनटी स्कॅन 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस एवढ्याच काळात होतो. बाळाच्या मानेमागचा द्रवाचा थर यात मोजतात. "गणपतीला गावी जाऊन आल्यावर करू" म्हणाल तर ही संधी हुकते. थर जाड आला म्हणजे दोष ठरला असं मात्र नाही, पुढची तपासणी लागते.

सगळ्यात महत्त्वाचा आमच्या मते 18 ते 20 आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते पाहणारा. विसाव्या आठवड्यात बाळ जेमतेम 300 ग्रॅमचं असतं, पण हृदयाचे चारही कप्पे, मणका, मूत्रपिंडं, ओठ, हातपाय पाहता येतात. बाळ पाठ करून बसलं तर तुम्हाला जरा फिरून यायला सांगू, तेव्हा घाईत येऊ नका. तारीख पुढेही ढकलू नका: गंभीर व्यंग आढळलं तर पुढच्या तपासण्यांना वेळ जातो, आणि 24 आठवड्यांनंतर गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. पहिलटकरणीला हालचालही याच सुमारास जाणवू लागते.

अठ्ठाविसाव्या आठवड्याला वजन किलोभर होतं. फुप्फुसं अजून तयार होत असतात. ग्रोथ स्कॅनमधलं वजन हा अंदाज असतो, 10-15 टक्के इकडेतिकडे होतो; शेजारणीच्या रिपोर्टशी तुलना नको.

पेढा की बर्फी, ते डोहाळजेवणात वाटीखाली शोधा. इथे विचारू नका. 1994 च्या कायद्याने लिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि आधीचे सगळे रिपोर्ट आणा. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर फाइल सोबत न्या. आणि शेवटच्या महिन्यांत हालचाल कमी वाटली, तर आमची अपॉइंटमेंट न घेता थेट नाव घातलेल्या हॉस्पिटलात जा, रात्र असली तरी.