सांस्कृतिक सुरक्षितता (परिचर्या शिक्षण)

सांस्कृतिक सुरक्षितता : न्यूझीलंडच्या परिचर्या शिक्षणात घडलेली संकल्पना. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, भाषेत तिला ‘कावा फाकारुरुहाउ’ म्हणतात. मिळालेल्या शुश्रूषेने आपला मान राखला की नाही, हे रुग्णाने ठरवायचे, परिचारिकेने नव्हे, हे तिचे मूळ सूत्र.

ब्रिटिश राजसत्ता व माओरी प्रमुख यांच्यात १८४० मध्ये वाइतांगीचा करार झाला. करारातली भागीदारी व्यवहारात फारशी उतरली नाही. १९०७ च्या कायद्याने ‘तोहुंगा’ या पारंपरिक जाणत्यांच्या उपचारांना गुन्हा ठरवले. तो रद्द व्हायला १९६२ उजाडले. माओरी रुग्ण दवाखान्याची पायरी चढायला कचरतात, याला केवळ अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हा कायदा आठवावा.

१९८८ मध्ये क्राइस्टचर्च येथे माओरी परिचारिकांच्या शिक्षणाविषयी सभा भरली होती. कायद्याची सुरक्षितता, नीतीची सुरक्षितता, उपचारांची सुरक्षितता असे सगळे बोलून झाल्यावर पहिल्या वर्षाच्या एका माओरी विद्यार्थिनीने विचारले : मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? हा प्रश्न परिचारिका व शिक्षिका इरिहापेती रॅम्सडेन (१९४६–२००३) यांनी उचलून धरला आणि त्यातून अभ्यासक्रम उभा केला. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या परिचर्या परिषदेने तो विषय परिचारिका व सुईणींच्या शिक्षणात सक्तीचा केला.

माओरी रुग्णांच्या शुश्रूषेतील काही पथ्ये आता सर्वत्र शिकवली जातात. डोके ‘तापू’, म्हणजे पवित्र. म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली घ्यायची नाही आणि डोके पुसायचे कापड अंगासाठी वापरायचे नाही. जेवणाच्या टेबलावर लघवीचे भांडे ठेवायचे नाही. मृतदेह एकटा सोडायचा नाही, ‘फानाउ’ला, म्हणजे गोतावळ्याला, त्याच्याजवळ बसू द्यायचे. बाळंतपणानंतरची वार कुटुंबाला हवी असल्यास परत द्यायची. ‘फेनुआ’ या एकाच शब्दाचा अर्थ वार असाही होतो आणि जमीन असाही. जिथे नाळ पुरली ते गाव आपले मानणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तरी ‘तापू’ला सोवळे म्हणून मोकळे होऊ नये, ती कल्पना बरीच व्यापक आहे.

गंमत अशी की, रॅम्सडेन यांना अशी यादी पाठ करून घेणे हे प्रशिक्षण वाटत नव्हते. शहरात वाढलेल्या कित्येक माओरींची भाषा व चालीरीती वसाहतवादाने आधीच हिरावल्या होत्या. अशा रुग्णापुढे त्याच्याच संस्कृतीचे ज्ञान मिरवणारी परिचारिका त्याला अधिकच ओशाळवाणे करणार. म्हणून वर्गात पहिला विषय रुग्ण नसून विद्यार्थिनी स्वतः असते : तिचे घर, तिचे पूर्वग्रह, गणवेशाने तिच्या हाती आलेली सत्ता. भेद आहे हे कळणे ही पहिली पायरी, त्याचा आपल्या वागण्याशी संबंध जोडणे ही दुसरी, आणि सुरक्षितता ही तिसरी. अमेरिकेत मॅडेलिन लेनिंगर यांनी मांडलेल्या आंतरसांस्कृतिक परिचर्येचा भर परिचारिकेने इतर संस्कृती अभ्यासण्यावर होता. इथे रोख सत्तेवर आहे. ‘जात, धर्म, वर्ण न पाहता सेवा’ हे जुने ब्रीदही त्यामुळे अपुरे ठरले, कारण या मताप्रमाणे वेगळेपण पाहूनच सेवा करायची असते.

१९९३ पासून वृत्तपत्रांत यावर मोठे वादळ उठले. हे शिक्षण नसून राजकीय शिकवणूक आहे, असा आरोप झाला. १९९५ मध्ये प्रकरण संसदीय समितीपुढे गेले. परिषदेने १९९६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे सुधारली आणि संस्कृतीच्या व्याख्येत वय, लिंग, धर्म, अपंगत्व, आर्थिक स्थिती यांचाही स्पष्ट उल्लेख आला. विषय टिकला. मात्र एक गाठ सुटलेली नाही : न्यायाधीश रुग्ण म्हणायचे आणि उत्तरपत्रिका तपासायची शिक्षकाने.

न्यूझीलंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार आरोग्य व्यवसायांच्या नियामक मंडळांना सांस्कृतिक क्षमतेचे निकष ठरवावे लागतात. ऑस्ट्रेलिया व कॅनडातही ही संकल्पना पोहोचली. कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये वैद्यकीय व परिचर्या विद्यालयांत आदिवासींच्या आरोग्याचा व आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम सक्तीचा करावा, असे सुचवले. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, क्वेबेकमधील जोलिएत येथील रुग्णालयात जॉयस एशाक्वान ही आतिकामेक्व जमातीची स्त्री मरण पावली. खाटेवरून तिने केलेल्या थेट चित्रणात कर्मचारी तिला हिणवताना ऐकू येतात. वंशभेद व पूर्वग्रह यांचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, असे मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये नोंदवले.