पार्श्वभूमी : शाळकरी यंत्रमानवाचा बदललेला आवाज

'रोबोट' हा शब्द १९२० सालच्या एका चेक नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी 'रोबोता' आहे, म्हणजे वेठ. मराठीने 'यंत्रमानव' म्हणून त्यात माणूस घातला आणि वेठ गाळली. माणसांच्या पोरांबरोबर वर्गात बसणारा यंत्रबालक 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या जपानी चित्रकथेत १९५२ साली आला, टीव्हीवर १९६३ साली. त्याच्याही कितीतरी आधी, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या चित्रमहर्षी दादासाहेब फाळक्यांनी एकेक चौकट टिपत आगकाड्या नाचवल्या होत्या. नाशिककरांना ते नव्याने सांगायला नको. तेव्हा पडदा मुका होता. आवाजाचा तंटा फार नंतरचा.

तो तंटा 'व्हॉटएव्हर हॅपन्ड टू... रोबोट जोन्स?' या अमेरिकी विनोदी कार्टून मालिकेचा. तिचा नमुना भाग २००० साली दाखवला गेला, मालिका जुलै २००२ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २००३ मध्ये संपली. भाग अवघे १३. काळ १९८० च्या दशकासारखा, रेखाटन त्याहून जुन्या शैक्षणिक कार्टूनच्या वळणाचं. नायक माणसांचा अभ्यास करायला शाळेत जातो आणि दातांना तारा व एक पाय धातूचा असलेल्या वर्गमैत्रिणीवर भाळतो. म्हणजे तिच्यातल्या यंत्राच्या भागावरच, आणि हे त्याच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध आहे.

पहिल्या सत्रात नायकाला आवाज देणारा कलाकार नव्हता. मॅकिंटॉश संगणकातला, लिहिलेला मजकूर वाचून दाखवणारा 'ज्युनियर' नावाचा आवाज वापरला होता. दुसऱ्या सत्रात एका मुलाचा आवाज आला. इथपर्यंत ठीक होतं. पण पुनर्प्रसारणासाठी पहिल्या सत्रावरही तोच नवा आवाज चढवला गेला, आणि मूळ ध्वनी असलेले भाग बघायला मिळणं दुर्मीळ झालं.

बदलाच्या बाजूनेही बोलता येतं. संगणकी आवाज ओरडत नाही, कुजबुजत नाही, समोरच्याचं वाक्य तोडत नाही. विराम हवा तर स्वल्पविराम पेरावे लागतात, नाव नीट यावं म्हणून ते मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहावं लागतं. टीव्हीच्या वेळापत्रकात ही कटकट परवडत नाही. तरीही सपाट आवाजाने एक काम चोख केलं होतं: वर्गातली पोरं टिंगल करताना नायकाला टोमणा कळतच नाही, हे प्रेक्षकाला कानांनी कळायचं. भावना दाखवायचं सगळं ओझं डोळ्यांवर आणि मानेच्या कलण्यावर पडायचं. मुलाच्या आवाजात लाज, रुसवा, आशा आयतीच येते. मग तो पत्र्याचा डबा घातलेला साधा मुलगा होतो.

मराठी डबिंगमध्ये हा प्रश्न आणखी चिवट आहे. कलाकाराचा आवाज घेऊन त्याला यंत्राचा बाज द्यायचा तर सुराचे चढउतार सपाट करतात आणि वर रिंग मॉड्युलेशन चढवतात, म्हणजे आवाज दुसऱ्या एका लहरीने गुणून खरखरीत करतात, ती लहर साधारण ३० हर्ट्झच्या आसपास. प्रमाण जास्त झालं की व्यंजनं विरघळतात, 'ड' आणि 'द' एकसारखे ऐकू येतात. मजकूर थेट संगणकाकडून वाचून घेतला तर वेगळ्याच खोडी निघतात. आपलं क्रियापद शेवटी येतं. चित्रात हात मात्र मूळ इंग्रजी वाक्याच्या मध्येच उडालेला असतो. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर बारा चौकटींचा उशीर म्हणजे अर्धा सेकंद, आणि विनोद मेला. 'घरचा' मधल्या 'र'ला यंत्राने पूर्ण अकार दिला की शब्द लांबतो. 'माझा' आणि 'माझी' यांत झ एकच लिहितो, उच्चार दोन. 'जरा थांब' मधला 'जरा' यंत्र कधी म्हातारपणाच्या 'जरा'सारखा वाचतं.

दुसऱ्या कुठल्या पात्रासाठी मजकूर 'ज़रा' असा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) देऊन किंवा उच्चारकोशात भर घालून ही चूक काढता येते. या नायकासाठी ती तशीच ठेवावी. पंचवटीतल्या वर्गात कुणी 'जरा थांब' असं म्हातारपणाच्या 'ज'ने म्हणालं, तर मागच्या बाकावरून हशा यायला टाळीची गरज नाही.