फुलं भरपूर, दुधी मात्र एकही नाही

श्रावणात परसातला मांडव दुधीच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातो. काही फुलांमागे लव असलेला बोटभर दुधीही दिसतो. घरात सगळ्यांना दाखवून होतो, आणि चार-पाच दिवसांत पिवळा पडून सुकतो, गळतो. मग कोणी वेलाला खत घालतं, कोणी फवारणी करतं. बहुतेक वेळा वेल धडधाकट असतो. अडलेलं असतं परागीभवन.

दुधी, भोपळा, दोडका, कारलं या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. पाकळ्यांखाली इवलंसं फळ असेल तर ते मादी फूल, नुसता देठ असेल तर नर. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात. ती गळली तर चिंता नको, त्यांचं काम तेवढंच. यांचे परागकण जड आणि चिकट असतात. वाऱ्याने ते उडत नाहीत, कीटकांनीच न्यावे लागतात. पराग पोचले की बिया धरतात, आणि वाढणाऱ्या बियांतली संप्रेरकं फळाला फुगायला लावतात. बियाच धरल्या नाहीत तर वेल त्या फळाला पोसत नाही. पराग अपुरे पडले तर काकडी एकीकडे फुगते आणि दुसरीकडे बारीक राहते, तेही याचमुळे.

इथे घड्याळ फार महत्त्वाचं. भोपळा, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्यांच्यावर येतात. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी फुलतात. दुधीची पांढरी फुलं अंधारातही उठून दिसतात, त्यांच्याकडे रात्री पतंग येतात. सकाळी दहा वाजता दुधीच्या मांडवाखाली गेलात तर कोमेजलेली फुलंच हाती लागतील. उंच मजल्यावरच्या गॅलरीत हे कीटक कमी पोचतात, संततधार पावसात ते बाहेर पडत नाहीत, आणि फुलोऱ्यावर कीटकनाशक मारलं तर आपणच त्यांना घालवतो. हे शेवटचं मला सर्वांत जास्त खुपतं.

उपाय हातातला आहे. दिवेलागणीला ताजं उमललेलं नर फूल खुडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला परागांनी भरलेला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच सगळीकडून फिरवा. जमलं असेल तर तीन-चार दिवसांत फळ जाड होऊ लागतं. वेलाला नुसता पाला येत असेल तर नत्राचं खत थांबवा आणि मुख्य शेंडा खुडा. दुधीला आडफांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

गळलेलं प्रत्येक फळ मात्र उचलून नीट पाहा. सालीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून आलेला डिंक, वाकडं झालेलं फळ, ही फळमाशीची खूण. माशी कोवळ्या फळात अंडी घालते. फळ कापलं की आत अळ्या दिसतात, काही तर चक्क उड्या मारतात. पूर्ण वाढलेली अळी मातीत उतरून कोषात जाते. म्हणून असं फळ वेलाखाली किंवा खतखड्यात टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा. धरलेल्या फळाला लगेच कागदाची सैल पिशवी बांधली तर माशीला टोचायला जागाच राहत नाही. फवारणीपेक्षा मला हा उपाय कितीतरी चांगला वाटतो.

टोमॅटो बुडाशी काळा, कोरडा, चामड्यासारखा होतो, तेव्हाही आधी औषधाची बाटली शोधली जाते. तो रोग जंतूंचा नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि त्या पाण्याचा मोठा वाटा पानं ओढून घेतात. कुंडी दोन दिवस कोरडी, तिसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळ उपाशी राहतं. अंड्याची टरफलं कुजायला फार वेळ लागतो, ती घालून या बहराला उपयोग नाही. मातीवर पालापाचोळ्याचा थर द्या आणि बोट खुपसून ओल पाहूनच पाणी घाला. काळी पडलेली फळं सुधारत नाहीत, ती खुडून टाका. पुढच्या घोसातली फळं मात्र नितळ येऊ शकतात.