पायाची बायपास की अँजिओप्लास्टी? काही वेळा दोन्ही, एकाच ऑपरेशनमध्ये

पायाचा रक्तपुरवठा बंद पडलाय असं कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "बायपास करणार की अँजिओप्लास्टी?" दोन्ही शब्द हृदयामुळे ओळखीचे, त्यामुळे मोठं ऑपरेशन आणि छोटं ऑपरेशन असा हिशोब मनात पक्का बसलेला असतो. पायाच्या बाबतीत हा हिशोब दिशाभूल करतो. अडथळा नेमका कुठे आहे, यावर बरंचसं ठरतं.

बायपासमध्ये सर्जन बंद पडलेल्या भागाला हात लावत नाहीत. त्याच्या वर आणि खाली धमनी उघडून मधे नवी वाट शिवतात. त्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे पेशंटच्याच पायातली आतल्या बाजूची लांब शीर. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ कुनलँ यांनी ती उलटी करून जोडली. उलटी अशासाठी, की शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात.

अँजिओप्लास्टीत सुईच्या छिद्रातून तार जाते, तारेवरून फुगा, आणि लागलाच तर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी). १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली धमनी अशी रुंद केली. तेव्हा फुगा नव्हता. एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या. पाय कापायला बाईंनी ठाम नकार दिला होता, आणि पाय वाचला.

मग चांगलं काय? २०२२ च्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात, ज्यांची शीर चांगली होती त्यांच्यात बायपास सरस ठरली. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी अँजिओप्लास्टी केलेल्यांचा निकाल चांगला आला. दोन अभ्यासांतले पेशंट सारखे नव्हते, म्हणून एकाच्या निकालावरून सगळ्यांचं ठरवू नये.

खरी गंमत जांघेत आहे. इथली धमनी सांध्यासमोर असते आणि पाय वाकला की तीही वाकते. तिथे टाकलेला स्टेंट दबण्या-तुटण्याची भीती असते. शिवाय इथूनच मांडीच्या खोल धमनीचा फाटा निघतो. पुढची मोठी धमनी बंद असली की पायाला हीच जगवते, तिचं तोंड झाकलं जाऊन चालत नाही. म्हणून इथे उघडं ऑपरेशनच बरं: धमनी उभी चिरायची, आतला चुना साचून कडक झालेला थर सोलून काढायचा, वरून पॅच, म्हणजे ठिगळ, शिवायचा. ओटीपोटातल्या धमनीचं मात्र उलटं. तिथे पोहोचायला पोट उघडावं लागतं, आणि स्टेंट तिथे छान टिकतो.

पुष्कळ पेशंटना जांघेत आणि ओटीपोटात, दोन्हीकडे अडथळे असतात. अशांसाठी हायब्रिड, म्हणजे उघडं ऑपरेशन आणि अँजिओप्लास्टी एकत्र. जांघेत एक चीर, धमनी साफ करून पॅच, मग त्याच जागेतून तार वर नेऊन ओटीपोटात स्टेंट, आणि गरजेप्रमाणे खाली मांडीत किंवा पोटरीत फुगा. टेबलावरच एक्स-रेखाली डाय सोडून रक्त पावलापर्यंत पोहोचतंय का ते बघतात. वय झालेल्या, हृदय कमजोर असलेल्या पेशंटला पोट उघडण्याचा ताण टळतो. माझ्या मते या पेशंटना ही सगळ्यात मोठी देणगी आहे. अर्थात जांघेतली जखम चिघळू शकते आणि डायचा भार किडनीवर पडतो, हे आधी विचारून घ्यावं.

रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवल्याशिवाय झोप लागत नसेल किंवा पावलावरची जखम दोन आठवडे भरत नसेल, तर व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा. पायाचा रक्तपुरवठा तपासायला घोट्यावर प्रेशर मोजतात; डायबेटिसमध्ये धमन्या कडक झाल्याने ते खोटं चांगलं येतं, म्हणून पायाच्या अंगठ्याचं प्रेशरही मोजायला सांगा. आणि काळं पडलेलं बोट काढायचं ठरलं, तर आधी रक्तपुरवठा तपासलाय का ते विचारा. पू पसरत असेल तर तो लगेच काढावाच लागतो, पण कोरड्या काळ्या बोटाच्या बाबतीत आधी रक्त पोहोचवावं लागतं, नाहीतर कापलेली जागा भरत नाही आणि पुढचा काप आणखी वर घ्यावा लागतो.