दहा विंग, अठरा कप्पे

आमच्या सोसायटीत दहा विंग आहेत आणि वॉचमनच्या केबिनमध्ये पार्सलांचा ढीग. गेल्या महिन्यातल्या सभेत पार्सल लॉकर घ्यायचं एकमताने ठरलं. वाद पेटला तो जागेवरून. प्रत्येक विंगच्या जिन्याखाली स्वतंत्र छोटा लॉकर हवा, असं बहुतेकांचं म्हणणं. गेटजवळ सगळ्यांसाठी एकच ठेवला तर तो कायम भरलेला असणार, ही त्यांची भीती. ऐकायला पटतं, पण गणित नेमकं उलटं सांगतं.

लॉकर म्हणजे लहानमोठ्या कप्प्यांचं लोखंडी कपाट. डिलिव्हरीवाला पार्सल आत ठेवून दार लावतो, आपल्याला ओटीपी येतो, तो टाकला की आपला तेवढाच कप्पा उघडतो. जर्मनीच्या टपाल कंपनीने २००१ मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ या शहरांत याचा प्रयोग केला. पोलंडमध्ये तर आता हे रोजच्या जगण्यातलं झालं आहे.

किती कप्पे लागतील, हे नुसत्या पार्सलांच्या संख्येवर ठरत नाही. पार्सल किती वेळ पडून राहतं, तेही तितकंच महत्त्वाचं. रोज येणारी पार्सलं गुणिले एका पार्सलाचा सरासरी मुक्काम, म्हणजे सरासरी भरलेले कप्पे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम. मुक्काम निम्मा झाला की तेच कपाट दुप्पट पार्सलं हाताळतं. चीनमधल्या ‘हाइव्ह बॉक्स’ या लॉकर कंपनीने २०२० मध्ये बारा तासांनंतर पैसे आकारायला सुरुवात केली, ती याच हिशेबाने. लोक भडकले, काही वसाहतींनी लॉकर वापरणंच थांबवलं, आणि कंपनीला मोफत मुदत अठरा तासांवर न्यावी लागली.

पण सरासरीवर भागत नाही. समजा, घरी कुणी नसताना येणारी पार्सलं एका विंगला रोज सरासरी दोन, आणि प्रत्येक अर्धा दिवस राहतं. म्हणजे सरासरी एक कप्पा भरलेला. म्हणून एकच कप्पा ठेवला तर? इथे मदतीला येतात आग्नर एर्लांग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले हे गणिती. एक्स्चेंजमध्ये किती लाइन ठेवल्या म्हणजे फोन करणाऱ्याला ‘एंगेज’ ऐकावं लागणार नाही, याचं सूत्र त्यांनी १९१७ मध्ये दिलं. लाइनच्या जागी कप्पा आणि कॉलच्या जागी पार्सल ठेवा, सूत्र तेच.

सरासरी एक कप्पा भरलेला असेल तर हे सूत्र कागदावर सोडवता येतं. १ पासून सुरुवात करा. एकाने गुणा, एक मिळवा: २. दोनाने गुणा, एक मिळवा: ५. मग तिनाने: १६. चाराने: ६५. पाचाने: ३२६. झालं! एक कप्पा असेल तर दर दोन पार्सलांतलं एक परत जाणार, दोन असतील तर पाचातलं एक, चार असतील तर ६५ मधलं एक आणि पाच असतील तर ३२६ मधलं एक. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी संध्याकाळभर आकडे मांडत बसलो होतो.

शंभरात एकापेक्षा कमी पार्सलं परत जावीत, असं ठरवलं तर प्रत्येक विंगला पाच कप्पे लागतात. दहा विंगचे पन्नास. आता सगळी पार्सलं गेटजवळच्या एकाच कपाटात आणा. सरासरी दहा कप्पे भरलेले. तेच सूत्र, तीच अट, आणि उत्तर येतं अठरा!

असं का व्हावं? चढउतार सरासरीच्या प्रमाणात वाढत नाहीत, साधारण तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. ‘ए’ विंगला दिवाळीची खरेदी आली तेव्हा ‘एफ’ विंगचे कप्पे रिकामे असतात, पण ते ‘ए’च्या उपयोगाचे नाहीत. एकत्र केले की एकाची गर्दी दुसऱ्याच्या रिकामेपणात जिरते. लांबच्या विंगमधले लोक आळस करतील आणि मुक्काम दुप्पट होईल, असंही धरून पाहिलं. तरी तीस कप्पे पुरतात.

या सूत्राची आणखी एक गंमत अशी की त्याला मुक्कामाची फक्त सरासरी लागते. एकाने तासाभरात नेलं, दुसरा तीन दिवस विसरला, तरी सरासरी तीच असेल तर उत्तरही तेच.

सभेत एका काकांनी ईशान्येला लोखंड नको, असा वास्तूचा मुद्दा काढला. आमचं गेट ईशान्येलाच आहे. लॉकरची जागा लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून ठरवावी. दिशेचा आणि पार्सलाचा काहीही संबंध नाही, आणि हे मी तिथे उभं राहून सांगितलं.

अडचण वेगळीच आहे. पार्सलं एकेकटी, आपापल्या वेळेला येतात असं एर्लांगचं सूत्र धरून चालतं. आमच्याकडे टेम्पो येतो तो एकदम गठ्ठा टाकून जातो, त्यामुळे अठरापेक्षा जास्त कप्पे ठेवावे लागतील. शिवाय मिक्सरचं खोकं पुस्तकाच्या कप्प्यात मावत नाही. किती जास्त, हे ठरवायला मी सेक्रेटरींकडून वॉचमनचं रजिस्टर मागून घेतलं. त्यात पार्सल आल्याची वेळ आहे. नेल्याची वेळ कुणीच लिहिलेली नाही. सोमवारपासून आमचे वॉचमनकाका तो रकानाही भरणार आहेत.